लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांची बोलकी भिंत

शाळेची इमारत पूर्ण झाली, दारे-खिडक्या बसल्या, बाके आणि कपाटे जागेवर लागली की सुताराने जेथे काम केले त्या ठिकाणी एक ढीग शिल्लक राहतो. वीतभर लांबीच्या पट्ट्या, चौकटींची कापलेली टोके, गाठ निघाल्यामुळे बाजूस टाकलेल्या फळ्या, रंध्याची सालपटे आणि भुसा असे त्या ढिगाचे स्वरूप असते. सालपटे चूल पेटविण्यास उपयोगी पडतात, भुसा गोठ्यात पसरला जातो आणि उरलेले तुकडे पाणी तापविण्याच्या बंबात जातात. ग्रामीण भागात हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे की, यांतील काही भाग राखून ठेवावा असे कोणास सहसा सुचत नाही.

साठ-सत्तर वर्षे वाढलेल्या सागाचा हातभर तुकडा बंबात जळावयास अर्धा तास पुरतो. तोच तुकडा कोरड्या जागी, किडीपासून जपून ठेवल्यास माणसाच्या दोन पिढ्या सहज टिकतो. त्याच्या अंगावर झाडाच्या वाढीच्या रेषा असतात, त्या जातीचा रंग, वास आणि वजन असते. शाळेच्या अथवा ग्रामपंचायत कार्यालयाच्या आतील भिंतीवर असे तुकडे नेटकेपणाने बसविल्यास भिंत शोभिवंत होते, हा झाला एक लाभ. दुसरा लाभ असा की, गावाच्या परिसरात कोणती झाडे होती, त्यांचे लाकूड कसे असे आणि कोणत्या कामास येई, याची एक स्पर्श करता येईल अशी नोंद तयार होते. भिंतींवर मुळाक्षरे, पाढे आणि नकाशे रंगवून त्या ‘बोलक्या’ करण्याचा उपक्रम राज्यातील शाळांच्या परिचयाचा आहे. लाकडी तुकड्यांची भिंत ही त्याच कल्पनेची पुढची पायरी होय.

तुकडे भिंतीस चिकटविणे सोपे आहे. पाच पावसाळ्यांनंतर ती भिंत धड राहणे आणि तिने पाहणाऱ्यास काही सांगणे मात्र तितके सोपे नाही. या दोन्ही गोष्टी एकाच अटीवर अवलंबून आहेत. ती अट अशी की, तुकडा आधी ओळखावा आणि मगच लावावा.

लहान लाकडाचे मोल

लहान लाकूड वाया न घालविणे ही सुतारकामाची जुनी शिस्त आहे. पुण्या-नाशिककडील वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे खांब, तुळया, महिरपी आणि दरवाजे जुन्या लाकडाच्या दुकानांत येतात व तेथून पुन्हा नव्या घरांत जातात. सावंतवाडीच्या चितार आळीतील कारागिरांनी तर लहान आकाराच्या लाकडातूनच फळे, भाज्या आणि खेळणी घडवून आपल्या गावाचे नाव दूरवर पोहोचविले.

लाकडाचे तुकडे भिंतीवर कशासाठी मांडावयाचे, याची दोन निरनिराळी उत्तरे देशात आणि परदेशात पाहावयास मिळतात. पहिले उदाहरण डेहराडून येथील वन संशोधन संस्थेचे. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत लाकडाच्या हजारो नमुन्यांचा संग्रह आहे आणि तिच्या काष्ठ-संग्रहालयात सातशेहून अधिक वर्षे वयाच्या एका देवदार वृक्षाचा आडवा छेद ठेवलेला आहे. त्याची वर्तुळे पाहताना इतिहासाची सनावळी आणि झाडाचे आयुष्य एकाच वेळी नजरेसमोर येते. तेथे प्रत्येक नमुन्याचे मोल त्याच्या ओळखीत आहे. कोणत्या झाडाचा आहे हे ठाऊक नसलेला तुकडा अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील शिल्पकार लुईझ नेव्हलसन यांचे. कीव्हजवळ १८९९ साली जन्मलेल्या आणि बालपणीच अमेरिकेस गेलेल्या या कलावतीने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टाकून दिलेले लाकूड गोळा केले. खुर्च्यांचे पाय, कठड्यांचे तुकडे, जुन्या पेट्यांच्या फळ्या खोक्यांत रचून आणि ती खोकी एकावर एक ठेवून तिने संपूर्ण भिंती उभारल्या व त्यांना एकच काळा रंग दिला. १९५८ सालची ‘स्काय कॅथीड्रल’ ही तिची भिंत विशेष गाजली. १९८८ मध्ये तिचे निधन झाले. या पद्धतीत लाकडाची जात पूर्णपणे झाकली जाते. उरतात ते उंच-सखल आकार आणि त्यांच्या सावल्या.

शाळा आणि पंचायत यांच्यासाठी पहिली दृष्टी अधिक उपयुक्त आहे, कारण तेथे लाकडाची ओळख हाच पाठ असतो. परंतु मांडणीच्या बाबतीत दुसऱ्या उदाहरणापासूनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तुकडे कमी-अधिक जाडीचे असले तरी बिघडत नाही. खिडकीतून तिरपा प्रकाश पडला की जाडीतील फरकामुळेच भिंतीस उठाव येतो. सर्व तुकडे एका जाडीचे करण्यासाठी रंधा मारीत बसण्याचे कारण नाही.

तुकड्यांची ओळख

प्रारंभी तुकडे कोठून आले याप्रमाणे त्यांचे वेगवेगळे ढीग करावेत. सुताराकडील नवे लाकूड, पाडलेल्या घराचे जुने लाकूड, वखारीतील टोके, मोडकी बैलगाडी, नांगर, पाभर, जुनी खाट अशी ठिकाणे लिहून ठेवावीत. नंतर गावातील वयस्क सुतारास बोलावून प्रत्येक तुकड्याची जात विचारावी. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या सुताराने पिढ्यान्पिढ्या औते आणि गाड्या घडविल्या. कोणते लाकूड कोठे चालते आणि कोठे चालत नाही, याचे ज्ञान त्याच्या हातात होते. लोखंडी नांगर, ट्रॅक्टर, प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्यानंतर ते ज्ञान विचारणारे राहिले नाहीत. भिंतीच्या निमित्ताने ते विचारून लिहून घेतले गेले, तर पुढे कोणत्याही खर्चाने परत मिळणार नाही असा ठेवा गावास लाभेल.

काही ठळक खुणा शिक्षकांनाही लक्षात ठेवता येतील. सागवान सोनेरी-तपकिरी असते, हातास किंचित तेलकट लागते आणि ताजे कापल्यावर त्यास कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. त्याची वाढीची वर्तुळे स्पष्ट दिसतात. शिसव जड असून तिच्या जांभळट-तपकिरी अंगावर काळसर रेघा असतात. फणसाचे लाकूड प्रथम हळदीसारखे पिवळे असते आणि उजेडात राहून हळूहळू तपकिरी होते. आंब्याचे लाकूड फिकट, हलके आणि किडीस लवकर बळी पडणारे. बाभूळ कठीण व चिवट असल्यामुळे गाडीची चाके आणि औते यांसाठी तिला मान होता. ऐन गडद तपकिरी आणि वजनदार, तर खैर तांबूस आणि त्याहूनही घट्ट. बिबळ्याचा ढलपा पाण्याच्या पेल्यात टाकला असता पाण्यावर निळसर झाक उमटते. हा प्रयोग वर्गात मुलांना दाखविता येतो.

प्रत्येक तुकड्याचे आडवे टोक धारदार पटाशीने साफ करून दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहिल्यास लहान लहान छिद्रे दिसतात. झाड जिवंत असताना मुळांतून पाणी वर नेणाऱ्या या नलिका होत. सागात पावसाळ्याच्या आरंभी तयार झालेल्या नलिका मोठ्या असून त्या वर्तुळाच्या कडेने ओळीने बसलेल्या असतात, तर आंब्यात त्या सर्वत्र विखुरलेल्या असतात. झाडाच्या गाभ्याचे लाकूड, म्हणजे मध्यकाष्ठ, गडद आणि टिकाऊ असते. सालीलगतचे फिकट रसकाष्ठ पिष्टमय पदार्थांमुळे किड्यांना आवडते. एकाच सागाच्या फळीत मधला भाग शाबूत आणि कडेचा पांढुरका भाग पोखरलेला का आढळतो, याचे उत्तर येथे मिळते.

वर्ज्य तुकडे

निवड करताना सर्वांत अधिक दक्षता आरोग्याच्या दृष्टीने घ्यावी लागते. जुन्या दारे-खिडक्यांवरील तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम केंद्र शासनाने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीचा रंग असलेला तुकडा मुलांनी घासू नये. त्याची धूळ श्वासावाटे वा हातावाटे पोटात गेल्यास बालकांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो आणि शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मर्यादा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. असे तुकडे भिंतीसाठी घेऊ नयेत आणि जाळूही नयेत, कारण धुरातून व राखेतून शिसे पसरते.

कारखान्यातून येणाऱ्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या हल्ली सहज मिळतात. परदेशी वाहतुकीसाठीच्या अशा लाकडावर प्रक्रियेचा शिक्का असतो. इंग्रजी ‘एचटी’ ही अक्षरे असल्यास त्यावर उष्णतेची प्रक्रिया, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटे, झालेली असते. ‘एमबी’ ही अक्षरे असल्यास मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे लाकूड वर्ज्य समजावे. तेल, रसायन वा खते सांडलेल्या फळ्या, रेल्वेचे जुने काळे स्लीपर आणि हिरवट रासायनिक प्रक्रिया केलेले खांब यांनाही शाळेत स्थान नसावे. बिब्ब्याच्या झाडाच्या चिकाने अंगावर फोड येतात, यास्तव ते लाकूड ओळखूनच दूर ठेवावे. प्लायवूड आणि तत्सम फळ्यांचे कपटे जाळू नयेत. त्यांतील डिंकाचा धूर अपायकारक असतो.

निर्धोक वाटणारे तुकडेही लगेच आत आणू नयेत. ते पडवीत पांढऱ्या कागदावर महिनाभर मांडून ठेवावेत. एखाद्या तुकड्याखाली पिठासारखी ताजी भुकटी पडलेली दिसली तर आत किडा जिवंत आहे असे समजून तो तुकडा बाजूस काढावा. एका किडलेल्या तुकड्यामुळे सगळी भिंत आणि पुढे शाळेची बाकेही पोखरली जाऊ शकतात.

भिंतीची परीक्षा

लाकडाइतकीच भिंतही तपासून घेणे अगत्याचे आहे. पश्चिमेचा पाऊस झेलणारी, न्हाणीघरास लागून असलेली किंवा जोत्यातून ओल चढणारी भिंत या कामास अयोग्य होय. ओल डोळ्यांना दिसत नसेल तर एक सोपी चाचणी घ्यावी. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीस घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूस जमले तर ती हवेतील आहे. पहिल्या प्रसंगी भिंतीची दुरुस्ती होईपर्यंत काम हाती घेऊ नये. ही चाचणी पावसाळ्यात घेतलेली बरी, कारण चैत्रात कोरडी वाटणारी भिंत श्रावणात निराळीच निघते.

विजेच्या बटणांचा फलक, पोषण आहाराचे स्वयंपाकघर, समई व उदबत्तीची जागा आणि बाहेर पडण्याचा अरुंद मार्ग यांच्या लगत लाकडी सजावट करू नये. पातळ पट्ट्या जाड तुळईपेक्षा फार लवकर पेट घेतात.

आठ फळ्यांची योजना

समजा, आठ फूट लांब आणि चार फूट उंच असा भिंतीचा भाग सजवावयाचा आहे. क्षेत्रफळ ३२ चौरस फूट झाले. तुकड्यांची सरासरी जाडी पाऊण इंच धरल्यास दोन घनफूट लाकूड लागते. सागाचे वजन घनफुटास सुमारे १८ किलो असते. म्हणजे केवळ तुकड्यांचे वजन ३६ किलोच्या आसपास होईल. मागील आधाराची फळी धरून ते ५८ ते ६० किलोपर्यंत जाते. एवढा भार प्लॅस्टरमध्ये ठोकलेल्या चार खिळ्यांवर टांगणे धोक्याचे आहे. तसेच तुकडे थेट भिंतीस चिकटविणेही चुकीचे आहे, कारण मग मागे काय चालले आहे हे कधीच दिसत नाही.

म्हणून ही भिंत दोन फूट लांबी-रुंदीच्या आठ फळ्यांत विभागावी. बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडवर तुकडे बसविलेली अशी एक फळी सात-साडेसात किलोची होते. एक माणूस ती सहज उचलू शकतो. भिंतीवर आधी इंचभर जाडीच्या आडव्या पट्ट्या विटेपर्यंत पोहोचणाऱ्या स्क्रूंनी घट्ट बसवाव्यात. त्या पातळीत आहेत की नाही हे पाणसळीने पाहावे. मग फळ्या या पट्ट्यांवर स्क्रूंनी जोडाव्यात. मागे राहिलेल्या इंचभर पोकळीतून हवा खेळते आणि दरवर्षी फळी उतरवून मागची बाजू पाहता येते. सर्वांत खालची कड जमिनीपासून निदान सहा इंच वर ठेवावी. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करीत वर चढते. मधली जागा मोकळी असेल तर झाडणाऱ्याच्याही ती दृष्टीस पडते.

तुकडे एकमेकांस खेटून बसविण्याचा मोह होतो, तो आवरावा. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. ही हालचाल लांबीच्या दिशेने नगण्य, परंतु रुंदीच्या दिशेने जाणवण्याइतकी असते. भारतीय मानकांत इमारती लाकडातील पाण्याच्या प्रमाणासाठी देशाचे हवामानानुसार विभाग पाडले आहेत, ते याच कारणाने. चार इंच रुंदीच्या तुकड्यात दोन टक्के फरक पडला तरी तो दोन मिलिमीटर होतो. दोन फुटांच्या फळीवर असे सहा तुकडे शेजारी असतील तर एकूण फरक बारा मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या इंचाचा. उन्हाळ्यात घट्ट बसविलेली रांग आषाढात टेकाड येऊन सुटते, त्यामागील गणित हे असे आहे. यास्तव दोन तुकड्यांमध्ये दीड-दोन मिलिमीटरची फट ठेवावी. रुंद तुकड्यास पूर्ण पाठीवर गोंद न लावता मधोमध लावावा, म्हणजे दोन्ही कडांना हालचालीस वाव राहतो. कोकणात फट किंचित अधिक ठेवावी आणि तुकडे त्याच खोलीत दोन-तीन आठवडे ठेवून तेथील हवेस सरावल्यानंतरच बसवावेत.

मांडणी आणि कामाची वाटणी

मांडणी प्रथम जमिनीवर करावी. भिंतीएवढा चौकोन खडूने आखून मुलांना तुकडे मांडू द्यावेत, हलवू द्यावेत. मापन, कोन, क्षेत्रफळ आणि अपूर्णांक यांचा सराव यात आपोआप होतो. एकाच दिशेच्या आडव्या रांगा, विटांसारखी सांधे चुकवून केलेली रचना, किंवा टोकाकडून कापलेल्या चकत्यांचा गट, हे प्रकार सोपे आहेत. फिकट तुकडे एका बाजूस आणि गडद दुसऱ्या बाजूस ठेवून मधल्या छटा क्रमाने लावल्या तर रंग न वापरताही देखणी भिंत होते. आठांपैकी एक फळी केवळ नमुन्यांसाठी राखावी. तीवर प्रत्येक जातीचा एकेक तुकडा, खाली त्याचे मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि उपयोग, अशी मांडणी करावी. त्या तुकड्याचा अर्धा भाग तेल लावलेला आणि अर्धा कोरा ठेवल्यास फरक स्पष्ट कळतो.

करवत, गिरमिट आणि विजेची यंत्रे सुतारानेच हाताळावीत. मुलांकडे निवड, स्वच्छता, मोजमाप, मांडणी, लेखन ही कामे द्यावीत. खिळे उपटलेल्या तुकड्यांवर चुंबक फिरवून आत मोडका खिळा राहिलेला नाही याची खात्री करावी. लाकडाची बारीक धूळ कर्करोगास कारणीभूत ठरते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केला आहे. तेव्हा घासण्याचे काम मोठ्या माणसांनी उघड्यावर, नाकास आवरण बांधून करावे आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी. मुलांचा हात जेथे पोहोचतो तेथील कडा मात्र गोल केलेल्या असाव्यात; एकही कुसळ राहू नये.

लाकडावर जवसाचे तेल अथवा लाखेचे पॉलिश पुरेसे होते. तेलाचा पातळ थर द्यावा, अर्ध्या तासाने जादा तेल पुसावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावे. येथे एक सूचना काटेकोरपणे पाळावी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती साचून चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

खर्च, श्रम आणि प्रामाणिकपणा

अशा कामात लाकूड जवळजवळ विनामूल्य मिळते, परंतु काम विनामूल्य होत नाही. प्लायवूड, स्क्रू, गोंद आणि तेल यांचा खर्च असतो. सर्वांत मोठा वाटा सुताराच्या मजुरीचा असतो. लोकसहभागाच्या नावाखाली ही मजुरी टाळण्याकडे काही ठिकाणी कल दिसतो, तो योग्य नव्हे. गवंड्यास आणि वायरमनला जसे दाम दिले जाते तसेच सुतारास द्यावे आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ते स्वतंत्रपणे दाखवावे. तुकड्यांची नावे सांगण्यासाठी त्याने दिलेला दिवसही कामाचाच दिवस धरावा.

दुसरा मोह दिखाऊपणाचा. भेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यांना दाखविण्यासाठी वखारीतून नवे लाकूड आणून त्याचे तुकडे करणे म्हणजे उपक्रमाच्या मूळ हेतूसच हरताळ फासणे होय. तुकडे पुरेसे नसतील तर भिंत लहान ठेवावी. आठ फळ्यांऐवजी यंदा दोन कराव्यात आणि उरलेल्या पुढील वर्षी. कोणाच्या आवारातील झाड केवळ यासाठी तोडले जाऊ नये. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा १९६४ पासून अस्तित्वात आहे याची आठवण ठेवावी आणि वखारीतून आणलेल्या लाकडाची पावती जपावी.

पर्यावरणाचा लाभही प्रमाणातच सांगितला पाहिजे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो. वरील भिंतीतील ३६ किलो तुकड्यांत साधारण १८ किलो कार्बन आहे; ते जळाले तर सुमारे ६६ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत मिसळतो. जोवर भिंत टिकते तोवर तो लाकडातच राहतो. एका भिंतीने हवामान सुधारत नाही हे उघड आहे. परंतु ‘टाकाऊ’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी वजन करून पाहण्याची सवय मुलांना लागली, तर ते शिक्षण लहान नाही.

निगा आणि नोंद

भिंत पूर्ण झाल्यावर एका नोंदवहीत प्रत्येक फळीचा आराखडा काढून तुकड्यांना क्रमांक द्यावेत. क्रमांकापुढे जात, मिळाल्याचे ठिकाण, मूळ उपयोग आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव लिहावे. ‘क्रमांक १४ : बाभूळ, बैलगाडीच्या चाकाचा भाग’ अशी एक ओळही पुरेशी आहे. जात निश्चित न झाल्यास तसे लिहावे. अंदाजाने नाव देऊ नये. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुटीनंतर, एक-दोन फळ्या उतरवून मागे वाळवी, बुरशी वा भुकटी आहे काय ते पाहावे आणि तारीख नोंदवावी. दोषी तुकडा काढून त्याच जागी नवा लावणे या योजनेत मुद्दाम सोपे ठेवले आहे. शिक्षकाची बदली झाली किंवा सरपंच बदलले तरी वही कार्यालयाच्या दप्तरात राहते आणि नव्या माणसास काम पुढे चालविता येते.

शासकीय इमारतींच्या भिंतींवर लावल्या जाणाऱ्या कित्येक गोष्टी उद्घाटनाच्या दिवशी सर्वांत चांगल्या दिसतात. लाकडाची भिंत त्यांस अपवाद ठरू शकते. फणस गडद होत जातो, साग तेलाने उजळतो, हातांच्या स्पर्शाने कडा गुळगुळीत होतात. ज्या गावात आता औते घडत नाहीत तेथील एखाद्या मुलीस बाभळीच्या तुकड्यावर हात ठेवून गाडीचे चाक कशाचे करीत हे सांगता आले, तर ढिगातून वाचविलेल्या त्या तुकड्याचे काम झाले असे म्हणता येईल.